पायातली वहाण पायातच

मित्रांनो, मी एक जुनी जँडल आहे, जोडीतली डावी. जँडल म्हणजे तुमची रबरी स्लिपर. न्यूझीलंडमध्ये तिला जँडल म्हणतात आणि माझं सगळं आयुष्य तिथेच गेलं, म्हणून मीही तेच नाव लावते.

तुम्ही शाळेत आत्मवृत्तं लिहिता ती कुणाची? फाउंटन पेनाची, छत्रीची, वडाच्या झाडाची. चपलेचं आत्मवृत्त लिहा, असं कुठल्या गुरुजींनी सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तुम्हाला चपलेची आठवण होते ती कुणाला मारायचं असलं की, नाहीतर कुणाची लायकी काढायची असली की. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण तुम्ही पाठ केली असेल. पुस्तकात तिचा अर्थ काय दिलाय तेही मला ठाऊक आहे. हलक्याने हलक्याच्या जागी राहावं, म्हणे. मी स्पष्ट बोलते. हा अर्थ लिहिणाऱ्याच्या पायात कधी काटा मोडला नसणार. त्या म्हणीचा खरा अर्थ मला एका बाईने शिकवला. तिचं नाव कमलाबाई. तिच्या पायांनीच मी जग पाहिलं, त्यामुळे माझी गोष्ट म्हणजे बरीचशी तिचीच गोष्ट आहे.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. निळ्या रबराच्या मोठ्या तक्त्यातून साच्याने आम्हाला कापून काढलं, करंज्या कापतात तसं. मग तळव्याला तीन भोकं पाडली, त्यातून पट्टा ओढला आणि डावी-उजवीची गाठ घातली. मी आणि माझी उजवी. बोटीने आम्ही ऑकलंडला आलो आणि पेनरोजमधल्या एका मोठ्या दुकानाच्या जाळीच्या टोपलीत येऊन पडलो. पेनरोज म्हणजे कारखान्यांचा आणि गोदामांचा भाग. तिथल्याच एका कारखान्यात कमलाबाईंचा मुलगा मैत्रेय इंजिनियर होता. जेवणाच्या सुट्टीत तो आला, अंदाजाने माप धरलं आणि आम्हाला घेऊन हिल्सबरोच्या घरी गेला.

कमलाबाई तेव्हा नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या. त्यांचे यजमान तात्याराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. मैत्रेयने आईला इकडे आणलं. पण ऑकलंडच्या ओलीने त्यांच्या चामडी चपलांना पहिल्याच हिवाळ्यात बुरशी धरली.

"हे काय रे, न्हाणीघरातली स्लिपर?" आम्हाला उलटंसुलटं करत कमलाबाई म्हणाल्या.

"आई, इथे लोक हेच घालून सगळीकडे जातात. दुकानात, बँकेत."

"मोठी माणसंसुद्धा?"

"मोठी माणसं तर अनवाणीच जातात. सुपरमार्केटात बघ कधी."

"अनवाणी?" कमलाबाई थांबल्या. "कुणी सांगितलेलं नसताना?"

मैत्रेय हसला. तो प्रश्न किती खोल होता ते त्याला कळलं नाही. मलाही नाही. मी तर नवीकोरी होते.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध-पाव आणायला. तिथे छोट्या दुकानाला डेअरी म्हणतात, म्हैस एकही नाही. मग नात शाळेतून यायच्या वेळी तिला आणायला बसथांब्यापर्यंत. नातीचं नाव संघमित्रा, सगळे मित्रा म्हणत. ती मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची. कमलाबाई विचारायच्या, "भूक लागली का गं?" आणि ती म्हणायची, "या, हीप्स," म्हणजे हो, खूप. एवढ्यावर गप्पा संपायच्या. सून निशा बँकेत जाई, मैत्रेय कारखान्यात. दिवसभर त्या मोठ्या घरात कमलाबाई आणि मी. पुण्यात गल्लीभर जिचा आवाज जायचा, ती बाई तिथे आठवडा आठवडा चार वाक्यांवर काढायला लागली.

दीड वर्षात माझ्या पट्ट्याचं बोंड भोकातून निसटायला लागलं. मैत्रेयने त्याला पावाच्या पिशवीचा प्लास्टिकचा चाप लावला, तिथे सगळे लावतात तसा. कमलाबाईंनी तो काढून टाकला आणि बांगडीतली सेफ्टी पिन घातली. मला सेफ्टी पिन टोचली, पण मान वाढला. त्यांच्या बांगडीतली पिन कुणालाही मिळत नसे.

एक गोष्ट मात्र घरात कुणाला उलगडत नव्हती. रविवारी सगळे समुद्रावर जायचे. वाळूत पाऊल टाकलं की लोक जँडल काढून हातात घेतात. कमलाबाई घ्यायच्या नाहीत. घराच्या दारात चपला काढायच्या, विहारात वंदनेला गेल्या की बाहेर नीट जोडीने ठेवायच्या, त्याबद्दल कधी तक्रार नाही. पण चपला हातात घेऊन चालणं, नाही म्हणजे नाही.

"आई, अहो वाळू जातेय आत. घ्या ना हातात," निशा म्हणायची.

"जाऊ दे. पायातली वहाण पायातच बरी."

निशाला वाटायचं, सासूबाई हट्टी आहेत. मित्राला वाटायचं, आजी फनी आहे. खरं काय ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं, म्हणजे मला आणि माझ्या उजवीला.

दोन हजार पाच सालच्या जुलैत, शाळेला हिवाळ्याची सुट्टी लागली तेव्हा, मैत्रेयने फिजीचा बेत काढला. न्यूझीलंडमध्ये थंडीने दात वाजायला लागले की लोक तीन तास विमानात बसून फिजीला जातात. प्रशांत महासागरात तीनेकशे बेटं, पाणी कोमट, नारळ मुबलक. मैत्रेय इंजिनियर माणूस. त्याने 'फिजीत काय काय करावं' याचा तक्ताच छापून आणला. सकाळी प्रवाळ बघणं, दुपारी काचेच्या तळाची बोट, संध्याकाळी जमिनीत पुरून शिजवलेलं जेवण. मधे कुठे बसून नारळपाणी प्यायचं, त्यालासुद्धा वेळ नेमून दिलेली.

"सहलीला चाललोय की शिफ्टला?" कमलाबाईंनी विचारलं.

विमानतळाचं गाव नादी, पण तिथले लोक उच्चार करतात नांदी. कमलाबाईंना ते फार आवडलं. "सुरुवातच नांदीने. बरंय." आणि विमानातून उतरून आम्ही दालनात शिरतो तोच कानामागे फूल खोचलेले चार धिप्पाड पुरुष गिटार वाजवत सामोरे आले आणि एका सुरात म्हणाले, "बुला!"

कमलाबाई चपापून उभ्या राहिल्या. "काय बोलू?"

"आई, बुला. बुला म्हणजे इकडचा नमस्कार."

"मला 'बोला' ऐकू आलं."

"बोला नव्हे गं, बुला."

"असू दे. दोन वर्षांत कुणी मला बोला म्हटलं नव्हतं."

मग मित्रांनो, त्या बाईने जे तोंड उघडलं ते उघडलंच. खोली झाडायला आलेली मुलगी म्हणाली "बुला", की कमलाबाई तिला मराठीत आपल्या गुडघ्याची हकिकत सांगायच्या, आणि ती मुलगी झाडूवर हनुवटी टेकून ऐकायची. नारळ सोलणाऱ्याला, होडी रंगवणाऱ्याला, फुलांच्या माळा विकणाऱ्या म्हातारीला, सगळ्यांना. एकालाही शब्द कळत नव्हता आणि एकही उठून गेला नाही. मैत्रेय लाजेने लाल व्हायचा.

"आई, त्यांना मराठी येत नाही."

"ते बोला म्हणतात, मी बोलते. तू तुझे मासे बघ."

मासेही खरंच बघण्यासारखे होते म्हणे. मैत्रेय आणि मित्रा टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून, तोंडाला नळी लावून पालथे तरंगायचे आणि वर येऊन एकमेकांवर ओरडायचे. कमलाबाई किनाऱ्यावर घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या. आम्ही दोघी त्यांच्या पायात, लाटेसरशी सुटायला बघायचो आणि त्या बोटांनी आम्हाला घट्ट धरायच्या.

चौथ्या दिवशी तक्त्यात होतं, 'गावाला भेट'. लहानशा बोटीने एका बेटावरच्या गावात जायचं, गावच्या चीफला कावा नावाच्या झुडपाच्या मुळ्यांची जुडी भेट द्यायची, मग सभाघरात बसून त्याच मुळ्यांचं पेय सगळ्यांनी मिळून प्यायचं. बोट चालवणारा हरीश फिजीचाच. त्याचा पणजोबा ऊस तोडायला हिंदुस्थानातून नेलेला. हरीशची हिंदी कमलाबाईंना निम्मी कळायची, निम्मी गोड लागायची. बोटीत आमच्याशिवाय दोन गोरी जोडपी होती.

बेट आलं. धक्का नव्हता. गुडघाभर पाण्यात उतरून चालत जायचं होतं. हरीशने नांगर टाकला आणि हात वर केला.

"टोपी, काला चश्मा उतार लो. चीफ का गाँव है. माई, चप्पल हाथ में ले लो."

गोरी माणसं हसत हसत पाण्यात उतरली. मैत्रेय उतरला, मित्राला उतरवून घेतलं. निशाने सँडल काढून हातात घेतले. कमलाबाई जागच्या हलल्या नाहीत. आमच्यातली त्यांची बोटं वळली आणि अशी आवळली गेली की मला वाटलं पट्टा तुटणार.

"मी नाही येत."

"आई, पाणी गुडघाभरच आहे," मैत्रेय खालून म्हणाला.

"पाण्याला कोण भितंय? पायात घालून उतरते."

"नहीं माई, पानी में पैर से छूट जाएगा, बह जाएगा," हरीश म्हणाला.

"मग इथेच बसते. तुम्ही या जाऊन."

"आजी, इट्स जस्ट जँडल्स," मित्रा म्हणाली.

मैत्रेयचा आवाज चढला. "आई, लोक थांबलेत. सगळा दिवस खोळंबलाय. जरा हातात धरायला काय होतं तुला?"

कमलाबाईंच्या तोंडावर असा भाव होता की जणू त्या तिथे नव्हत्याच. निशा मात्र परत बोटीत चढली आणि त्यांच्या शेजारी बसली. "काय झालं आई? मला सांगा."

तेवढ्यात किनाऱ्यावरून एक उंच म्हातारा पाण्यातून चालत आला. कमरेला गुंडाळलेलं वस्त्र, फुलाफुलांचा सदरा, केस कापसासारखे. पाहुणे उतरत का नाहीत, ते बघायला आला असावा. हरीशने आवाज खाली आणला. "चीफ है. खुद आ गया."

म्हातारा बोटीला टेकून उभा राहिला, कमलाबाईंकडे बघून हसला आणि म्हणाला, "बुला."

कमलाबाईंनी मान वर केली. "बोला म्हणताय?"

"आई, नको," मैत्रेय म्हणाला.

"तो म्हणतोय ना बोला. मग बोलते. निशा, याला इंग्लिशमध्ये सांग. जसंच्या तसं सांग, साखर घालू नको."

आणि जे पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी त्या परक्या म्हाताऱ्याला सांगितलं. माणदेशातलं त्यांचं गाव. त्या अकरा-बारा वर्षांच्या. बापाने बाजारातून पहिल्या वहाणा आणल्या होत्या, कराकरा वाजणाऱ्या. त्या घालून त्या बापामागून निघाल्या. पाटलाच्या आळीच्या तोंडाशी बापाने आपल्या वहाणा काढून हातात घेतल्या. ओट्यावरून आवाज आला, "पोरीला शिकवलं नाहीस काय रे? वहाणा हातात." त्यांनी घेतल्या. खडे पायात आणि वहाणा हातात. बोलायचं होतं, पण बापाने नजरेनेच सांगितलं, बोलायचं नाही. पुढे छप्पन साली घराने दीक्षा घेतली, बुद्धाला शरण गेलं. त्या दिवशी बाप म्हणाला, कमळे, लोक म्हणतात पायातली वहाण पायातच बरी. बरोबर म्हणतात. पायातच. आता हातात घ्यायची नाही, कुणाच्या बापासाठी नाही.

मैत्रेय पाण्यात उभा होता. त्याने हे कधी ऐकलं नव्हतं. निशाने एकेक वाक्य इंग्रजीत केलं. साखर घातली नाही.

"आता त्याला विचार," कमलाबाई म्हणाल्या. "तू इथला चीफ. तुझ्या गावात शिरताना आम्ही वहाणा हातात घ्यायच्या. तू घेतोस का?"

हरीशने कपाळाला हात लावला. चीफला असं कुणी विचारत नाही. निशाने विचारलं.

म्हाताऱ्याने बोटीच्या कडेआड असलेला डावा हात वर काढला. त्या हातात जँडल्स होत्या. निळ्या, झिजलेल्या, अगदी आमच्यासारख्या. पाणी गळत होतं. तो काहीतरी म्हणाला आणि स्वतःच पोट धरून हसायला लागला.

"म्हणतायत," निशा हसू आवरत म्हणाली, "मी चीफ आहे ते पाण्याला कुठे कळतं? मागच्या महिन्यात पायात घालून आलो, तर एक वाहूनच गेली."

कमलाबाई त्या जँडल्सकडे बघत राहिल्या. "पाण्याला कळत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "खरं आहे. पाण्याला कधीच कळत नव्हतं. माणसालाच तेवढं कळायचं."

मग त्या वाकल्या आणि त्यांनी आम्हाला पायातून काढलं. पण उतरायला एक हात बोटीच्या कडेला हवा, एक आधाराला हवा. आम्हाला धरायला हातच उरला नाही. म्हाताऱ्याने ते पाहिलं, हात पुढे केला आणि आम्हाला आपल्या जँडल्सबरोबर एकाच मुठीत धरलं. दुसरा हात कमलाबाईंना दिला.

मित्रांनो, मी चपलेचं रबर आहे, मला डोळे पुसता येत नाहीत. पण एका गावचा प्रमुख एका बाईच्या चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून चालला होता, आणि ती बाई रिकाम्या हातांनी, पदर खोचून, त्याच्या बरोबरीने चालली होती. अख्खं गाव काठावर उभं राहून बघत होतं आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला वाटतं, त्यातली खरी मोठी गोष्ट हीच होती.

सभाघराच्या दारात त्याने आम्हा चौघींना खाली ठेवलं. सगळ्यांच्या चपला तिथेच, गोऱ्यांच्या, पोरांच्या, हरीशच्या. चपलेला आत प्रवेश नाही, त्यामुळे पुढचं मी ऐकलेलं सांगते. कमलाबाई विचारत होत्या, "दारू नाही ना ही? मी पंचशील पाळते." हरीश सांगत होता, "दारू नहीं माई, जड़ है." मग एक टाळी, मग शांतता, मग पेयाची करवंटी रिकामी झाल्यावर सगळ्यांच्या तीन टाळ्या. आणि त्या तीन टाळ्यांबरोबर कमलाबाईंचा आवाज, "साधू, साधू, साधू." वंदना संपल्यावर विहारात म्हणतात तसा. दुसऱ्या करवंटीला तर गावातली पोरंही "साधू" म्हणायला लागली.

बाहेर आल्या तेव्हा त्यांची जीभ त्या पेयाने बधीर झाली होती. "बोला बोला म्हणतात," त्या बोबड्या स्वरात म्हणाल्या, "आणि जीभच गोठवून ठेवतात." निशा हसून हसून पायरीवर बसली.

परतीला त्यांनी स्वतःच आम्हाला उचलून हातात घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. पाण्यातून बोटीकडे जाताना मैत्रेय त्यांच्या शेजारून चालत होता. तो एवढंच म्हणाला, "मला का नाही सांगितलंस गं?"

"तू कधी बोला म्हणालास?"

मग त्याने खिशातून तो छापील तक्ता काढला, पाण्याने लगदा झालेला, आणि म्हणाला, "उद्या काही नाही करायचं. उद्या तू बोल."

बोटीत बसून त्यांनी आम्हाला पायात सरकवलं, आणि थांबल्या. डावी मी, मापाची. उजवीत पाय चांगला बोटभर आत गेला. टाच मधेच राहिली. ती माझी उजवी नव्हती. ती चीफची होती. एकाच रंगाच्या चार जँडल्स दारात एकत्र, आणि कमलाबाईंची जीभ बधीर, डोळे अर्धे मिटलेले. अशी अदलाबदल तर लग्नाच्या मांडवात नेहमीच होते.

हरीश म्हणाला, "वापस चलें?" बोट किनाऱ्यापासून दूर आली होती.

कमलाबाईंनी दोन्ही पाय पुढे पसरून पाहिले. "राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याच्या एका पायात माझी, माझ्या एका पायात त्याची. हिशेब बरोबर आहे."

माझी उजवी तिथेच राहिली. तिची आठवण येते. नारळाच्या झाडाखाली, एका मोठ्या पायात, तिचं बरं चाललं असेल. आणि या नव्या उजवीला अजून माशांचा वास येतो, पण स्वभावाने चांगली आहे.

पुढे माझे वाईट दिवसही आले. तळवा झिजून पापड झाला. निशाने सासूबाईंना नवे, मऊ सँडल आणले आणि आम्ही गॅरेजात गवत कापायच्या यंत्रामागे जाऊन पडलो. वर्ष-दोन वर्षं कोळ्यांशिवाय कुणी विचारलं नाही. मग घर बदललं. हॅमिल्टन शहराच्या रोटोटुना भागात नवं घर घेतलं, तेव्हा मैत्रेयने आम्हाला टाकायच्या ढिगात फेकलं. निशाने ढिगातून आम्हाला परत काढलं, नळाखाली धुतलं आणि नव्या घराच्या दारात, आतल्या बाजूला, ठेवलं.

आता आम्ही चालत नाही, दारात बसतो. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, ही एक लहान एक मोठी जोडी कुणाची? आणि कमलाबाई म्हणतात, "बसा, सांगते." मित्रा आता मोठी झाली. परवा तिच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांना ही गोष्ट तिनेच सांगितली, इंग्रजीत. पण 'पायातली वहाण पायातच' एवढं मात्र तिने मराठीत म्हटलं, आणि ते तिला अगदी नीट म्हणता आलं.

तेव्हा मित्रांनो, चपलांची काळजी घ्या, निघालेल्या पट्ट्याला पिन लावा, फेकायची घाई करू नका. हे तर कुठलीही चप्पल सांगेल. माझं सांगणं एवढंच आहे. दुसऱ्याच्या दारात चपला खुशाल काढा, त्यात कमीपणा नाही. पण कुणी तुम्हाला चपला हातात घ्यायला सांगितलं, तर घेण्याआधी एकदा त्याच्या हाताकडे बघा.